उत्पन्नाचा स्रोत

गलात्समध्ये नदीवरून धुकं आलं की
सगळ्यात आधी बँकेची पाटी दिसेनाशी होते.
मी तरी पोचतो.
तेवीस वर्षं याच दारातून पोलाद कारखान्याचा पगार उचलला,
आता पेन्शन.

काचेमागच्या पोरीच्या कोटावर बिल्ला: कोर्नेलिया.
म्हणते, खातं गोठवलंय, आजोबा.
गोठते ती डॅन्यूब, जानेवारीत, आणि मार्चात सुटते.
खातं कधी सुटतं?
पेन्शनसकट गोठवलंय?
पेन्शनसकट.

मग पडदा माझ्याकडे न वळवता वाचत जाते:
दर महिन्याच्या नऊ तारखेला, सायप्रसची कुठलीशी कंपनी,
कधी चारशे युरो, कधी अकराशे,
एकदा दोन हजार साठ.
हे कशाचे?

हे स्मारांदाचे. माझ्या धाकटीचे.
तिला तीन बँकांची पत्रं आली,
तिन्हींत तोच गोड मजकूर:
आपल्याशी असलेले संबंध आम्ही संपुष्टात आणत आहोत,
कारण देणे आमच्यावर बंधनकारक नाही.
घटस्फोटालासुद्धा कारण लागतं, तिची आई म्हणाली,
आणि पत्रं कोबीच्या लोणच्याच्या बरणीखाली सारली.
मग एका वॉलेटनं नव्वद दिवस पैसे अडकवले,
पडताळणी चालू आहे म्हणून.
मग कोस्टेल नावाचा एक जण,
स्वतःच्या खात्यावर घेऊन पंधरा टक्के कापून द्यायचा.
एका महिन्यात त्यानं शंभर टक्के कापले.

तेव्हा मीच म्हटलं, माझा नंबर दे.
ती दाराची चौकट धरून उभी राहिली.
कशाचे आहेत माहितीये ना, बाबा?
मी म्हटलं, हीटरचा हप्ता सत्तावीसला आहे.
चार वर्षांत या विषयावर
आमचं एवढंच बोलणं.

बाकी मला ठाऊक आहे ते असं:
दाराच्या फटीतून येणारा गोल दिव्याचा पांढरा उजेड.
आपल्याकडे रात्रीचे दोन, तेव्हा अमेरिकेत कुठेतरी संध्याकाळ असते हे.
तिचं इंग्रजीतलं हसणं,
घरातल्या हसण्यापेक्षा अर्धा सूर वर.
आणि पहाटे जाड मोजे घालून, उभ्यानंच सूप पिणारी ती.
मे महिन्यात कर भरल्याची पावती, सरकारी शिक्क्याची.
कर खात्यानं कधी नाक मुरडलं नाही.

उत्पन्नाचा स्रोत, आजोबा?
मागे रांग. रांगेत आमच्याच जिन्यातल्या व्हेतुरियाबाई,
कान टवकारून.
'भाषांतर' लिहा, असं स्मारांदानं पढवून ठेवलं होतं.
मी पेन धरलं.
माझ्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत.
दोन रोलिंग मिलमध्ये राहिली, सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात,
आणि त्यांची भरपाई याच बँकेत जमा झाली.
तेव्हा काचेमागून कुणी विचारलं नाही
की पैसे शरीराच्या कुठल्या भागाचे.

पेन खाली ठेवलं.
पाळी बदलताना हजेरी द्यायचो त्या आवाजात म्हटलं:
माझी मुलगी कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवते.
वय एकतीस. कर भरते.
लिही.

कोर्नेलियाची बोटं थांबली.
यादीत तसं नाहीये, ती म्हणाली. 'इतर' आहे.
'इतर' टाक.
'इतर' टाकलं की वर जातं, आजोबा.
वरून खाली काही येत नाही.
मग एका चिठ्ठीवर घाईघाईनं काहीतरी लिहून
काचेखालून सरकवलं:
रेल्वेवाल्यांची पतसंस्था, दुसरा मजला,
गुरुवारी जा, त्या दिवशी मोठे साहेब नसतात.

अहो, आटपा आता, मागून व्हेतुरियाबाई,
मला विजेचं बिल भरायचंय.

बाहेर धुकं तसंच.
खिशात चार लेई, म्हणजे चालतच.
स्मारांदाला फोन करायला निघालेला हात
पुन्हा कोटात घातला.
झोपली असेल.
रात्रपाळी झालीय तिची.